उश्वायाचा बेत

तांदिल गावात नेलिदाच्या पार्लरमध्ये जी बाई केसांना रंग लावायला बसे, तिची देशाच्या दक्षिण टोकावरच्या उश्वायाला जाऊन आल्याशिवाय सुटका नसे. रंग मुरेपर्यंत नेलिदा तिला बोलण्यातूनच गाडीत बसवून दक्षिणेला घेऊन निघायची. बाइया ब्लांकाच्या पुढे झाडं विरळ होतात, मग एक दिवस समुद्रात डुंबायचं, पुढे वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, मग फेरीबोट, आणि शेवटी रस्ता संपतो तिथं उतरून फोटो. नेलिदा स्वतः बाइया ब्लांकाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. आणि निघायचं होतं येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या जानेवारीत.

"तोवर मी जिवंत राहिले म्हणजे मिळवली," एरमिंदा म्हणायची. ही ऐंशीच्या घरातली म्हातारी दर शनिवारी केस बसवून घ्यायला येई.

"राहशील की. तुला पेंग्विनचा फोटो आणायचाय मला."

"पेंग्विन घेऊन काय करू? लोकरीचे मोजे आण."

बेताचं मूळ नेलिदाच्या नवऱ्यात होतं. अनिबालनं उभा जन्म गावातली बस चालवली. स्टेशन, चौक, इस्पितळ, तळं, पुन्हा स्टेशन. निवृत्तीच्या जेवणात त्यानं सगळ्यांसमोर ग्लास उंचावून सांगितलं, "आता एकदा सरळ जाणार. रस्ता संपेपर्यंत." दुसऱ्याच दिवशी नेलिदानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर नकाशा लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी 'माते' हा तिकडचा कडवट चहा घेता घेता दोघांची जुंपायची.

"या वयात मी तंबूत झोपायची नाही."

"मग मागच्या सीटवर झोप."

"आणि तू?"

"मी गाडी चालवत असेन. झोपायला कोण चाललंय तिकडे?"

भांडून झालं की दोघांना कडकडून भूक लागायची. इतकी मजा त्यांना लग्नातही आली नव्हती, असं नेलिदा गिऱ्हाइकांना सांगे.

हिवाळा आला आणि अनिबालचा सूर बदलला. आधी म्हणाला, गाडी जुनी झालीय, एवढं झेपायचं नाही तिला. मेकॅनिकनं गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं, तर म्हणाला, तिकडचा वारा वाईट. एका संध्याकाळी नेलिदानं विचारलं, "सान हुलियानला मुक्काम करायचा की पुढे जायचं?" त्यानं नकाशाकडे मानसुद्धा वळवली नाही. "तू म्हणशील तसं," म्हणाला.

हा माणूस सँडविच कुठं खायचं यावरूनसुद्धा वाद घालणारा!

मग तिच्या ध्यानात एकेक यायला लागलं. बाजारात तो हल्ली पायीच जायचा. दर मंगळवारी तितोकडे पत्ते खेळायला म्हणून जायचा, पण तितोची बायको केस कापायला आली तेव्हा म्हणाली, "अनिबाल? तो कुठं फिरकतोय आमच्याकडे!" बाई असेल, हा विचार नेलिदाला आला आणि तिचं तिलाच हसू आलं. दुसरा विचार आला त्याचं मात्र हसू आलं नाही. अनिबालचा धाकटा भाऊ पोटातलं दुखणं घरच्यांपासून असंच लपवत राहिला होता, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तिनं पार्लरमध्ये प्रवासाचं नाव काढणं सोडलं.

"काय गं, आज गाडी निघत नाही?" एरमिंदानं विचारलं. नेलिदाचे डोळे भरून आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारी म्हणाली, "त्याचे केस वाढलेत. खुर्चीत बसव, गळ्याला कापड बांध आणि विचार. अर्धे केस कापलेला माणूस पळून कुठं जाईल?"

रविवारी सकाळी नेलिदानं तसंच केलं. एक बाजू कापून झाली आणि तिनं कात्री थांबवली.

"मंगळवारी कुठं जातोस?"

"तितोकडे."

"तितोची बायको याच खुर्चीत बसून गेली, अनिबाल."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोटाचं आहे का? तुझ्या भावासारखं?"

"भलतंच काय बोलतेस!"

"मग काय आहे?"

"मला दिसत नाही," तो आरशाकडे बघत म्हणाला. "सगळं धुकट. आधी वाटलं, गाडीची काच मळलीय. रोज पुसायचो. मग एकदा तळ्याजवळ एक बाई रस्ता ओलांडत होती, ती मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक लागला म्हणून वाचली. इतकी वर्षं बस चालवली, कुणाला खरचटलं नाही माझ्या हातून. त्या दिवशी बाजूला गाडी लावून रडलो."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कर म्हणतो. मी दर मंगळवारी जातो आणि तारीख न घेताच परत येतो. डोळ्याला सुरी लावणार गं तो! आणि तू तर सगळ्या गावाला उश्वायाला पोचवून आलीस. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

नेलिदानं कात्री खाली ठेवली. आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली.

"मोतीबिंदू! अरे गाढवा, मी तुला पुरून आले होते मनात! तुला कुठला कोट घालायचा तेसुद्धा ठरवलं होतं."

"कुठला?"

"तपकिरी."

"तो घट्ट होतो मला."

सोमवारी तिनं स्वतः जाऊन तारीख घेतली. आणि येताना ठरवून टाकलं, की गाडी चालवायला आपणही शिकायचं. एवढा लांब रस्ता एकाच्याच डोळ्यांवर का टाकायचा? ऑपरेशनच्या आधीच जत्रेच्या रिकाम्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. अनिबाल शेजारी बसून ओरडायचा, "ब्रेक दाब हळू! गिऱ्हाइकाचं डोकं धुतेस तेव्हा असंच दाबतेस काय?"

"गिऱ्हाईक तुझ्यासारखं कोकलत नाही!"

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी निघाल्यावर अनिबालनं बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू केस कधी रंगवलेस?" "वर्ष झालं," नेलिदा म्हणाली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

वसंतात तिला लायसन्स मिळालं. डॉक्टरांनी त्यालाही गाडी चालवायला मोकळीक दिली होती, पण त्या रविवारी नेकोचेआच्या समुद्रावर जाताना स्टिअरिंगवर ती बसली. गावाबाहेर पडेपर्यंत तो सूचना देत होता: आरसा बघ, गियर बदल, ट्रकला जाऊ दे. मग रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागली आणि सूचना थांबल्या. काही चुकलं की काय म्हणून नेलिदानं चोरून बाजूला पाहिलं.

अनिबाल झोपला होता, तोंड उघडं टाकून. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना या माणसानं जन्मात कधी डुलकी घेतली नव्हती.

ठरलेल्या जानेवारीला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. नेलिदानं त्याच्या बाजूची काच थोडी वर घेतली आणि गाडी आपल्या लयीत पुढे जाऊ दिली.