मागच्या गाडीने ये

एम्प्रेसोचा घाट उतरताना ओफोरीच्या वडाप गाडीचे ब्रेक आठवडाभर किंचाळत होते. तो रेडिओ मोठा करायचा. काल मात्र लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर झाली आणि पेडल पार तळाला टेकलं. तरी आज सकाळी त्याने गाडी प्रवाशांनी भरलीच. मेकॅनिककडे गेलं की दिवस बुडतो, हे त्याचं नेहमीचं पालुपद.

शेवटच्या रिकाम्या सीटपाशी त्याचीच लेक सेरवा दप्तर घेऊन आली.

"तू मागच्या गाडीने ये," तो बोलून गेला.

"का बाबा? जागा आहे की."

ओफोरीने रेडिओ बंद केला, किल्ली काढली.

"उतरा सगळे. ब्रेक दाखवून आणतो."

केळीवाल्या म्हातारीने मांडीवरची टोपली उचलली.

"लेक आली म्हणून आठवलं होय रे? नसती आली तर?"