वीस मीटरच्या आतल्या बोटी

बेलापूरच्या ऑफिसात माझं काम जहाजांच्या सिग्नलचं. प्रत्येक जहाज आपली जागा सतत कळवत असतं. त्यावरून कुठला माल कुठून कुठे चाललाय, हे आम्ही शोधतो. मासेमारीच्या बोटीही सिग्नल देतात आणि त्यांच्या ठिपक्यांनी माझा नकाशा नुसता बुजबुजायचा. म्हणून मीच नियम लावला: वीस मीटरपेक्षा लहान ते सगळं उडवायचं, साठवायचंसुद्धा नाही. 'कचरा काढला' म्हणायचे मी. मी, करावे गावच्या कोळ्यांची पोर!

एका सकाळी करंजा बंदरावरून मामीचा फोन आला. मामाची बोट आदल्या संध्याकाळीच यायची होती. वारा सुटला होता, मामाचा फोन लागत नव्हता.

"तुज्या कंप्युटरवर सगल्या बोटी दिसतान ना? बग ना गो."

नकाशावर कंटेनरची, तेलाची जहाजं ऐटीत उभी होती. मी घाईघाईने नियम काढला, पण मागचे सिग्नल राहिलेच नव्हते. नवे ठिपके एकेक करून उमटू लागले. प्रत्येकाचा नंबर मी ताडून पाहिला. एकही मामाचा नव्हता.

दुपारी मामीनेच कळवलं, इंजिन बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणली.

संध्याकाळी मी करंजाला गेले. मामा ओट्यावर बसला होता.

"बॅटरी व्हती तवर सिग्नल चालू ठेवला," तो म्हणाला. "म्हटलं, आपली पोर बगत असल. दिसलो ना गो तुला?"

"दिसलास ना, मामा," मी म्हणाले.