दोन छपरांमधला उजेड

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा एकच, आणि त्याला आत्याची आठवण व्हायची ती चुकूनमाकून. आईच्या आजारपणात हिचं लग्नाचं वय सरलं आणि मागच्या वर्षी आईही गेली. त्यामुळे बंद गिरणीच्या माळ्यावर एकटीनं बसायचं काम निघालं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा हिच्याकडेच वळल्या.

"तुमची घरी कोण वाट बघतंय?" साहेब सहज बोलून गेले. खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

काम असं. शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेच्या गच्चीवरून लेझरचा अगदी क्षीण उजेड सुटायचा, एकेक कण वेगळा टिपता यावा इतका. आत्यानं तो दुर्बिणीत धरायचा. त्यातून दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली तयार व्हायची. निरोप त्या किल्लीनं कुलूपबंद करायचे. वाटेत कुणी चोरून डोकावलं की कण बिघडायचे, चुका वाढायच्या आणि ती किल्ली टाकून द्यावी लागायची. अंधारात हे जमलं होतं. आता भर उन्हात जमवायचं होतं.

सकाळी ठीक चालायचं. दुपार कलली की चुका भसाभस वाढायच्या.

"कुणी कान लावून बसलंय की काय?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"इथं समोरासमोर बोलायला कुणी नाही, चोरून ऐकायला कोण येतंय?" आत्या म्हणाली. साहेब हसले. ती हसली नाही.

तिनं दुर्बिणीतून सगळी वाट न्याहाळली. मधल्या एका गच्चीवर एका म्हातारीनं रोपांभोवती जुन्या खिडक्यांची तावदानं उभी केली होती. कललेलं ऊन त्यांच्यावर आपटून थेट दुर्बिणीत शिरत होतं.

आत्या तिथं गेली. जिने चढून तिला धाप लागली. आजींनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कोण गं तू?"

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तावदानं काढली तर वाऱ्यानं रोपं आडवी होतील."

"काढू नका. चुना फासू या. मग चमकणार नाहीत."

दोघींचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. आजींच्या तोंडाचा पट्टा चालूच होता: परगावचा मुलगा, गुडघे, टोमॅटोवरची कीड. आई गेल्यापासून आत्यानं कुणाचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर किल्ली अखंड आली. फोनवर टाळ्या वाजल्या. "आत्या, तोंड गोड करा!" साहेब ओरडले आणि फोन तसाच ठेवून घोळक्यात मिसळले. पलीकडचा हशा थोडा वेळ ऐकून तिनंच फोन बंद केला. मग दाराला कुलूप घालून ती आजींकडे गेली.

"आजी, किल्ली मिळाली!"

"बरं झालं बाई. कुठं पडली होती?"

आत्या पोट धरून हसली. हसता हसता रडू फुटलं, ते आवरेना. आजींनी बाकावर जरा सरकून जागा केली.

पुढे ती रोज संध्याकाळी जाऊ लागली. थंडीच्या आधी मुलगा येऊन आजींना घेऊन गेला. निघताना "ये गं तिकडे" म्हणाल्या; पत्ता द्यायचं त्यांनाही सुचलं नाही, मागायचं हिलाही.

नंतर गिरणीच्या माळ्यावरचं केंद्र एका तळ्याकाठी हलवलं. उजेड आता पाण्यावरून येतो. मध्ये घर नाही, गच्ची नाही, माणूस नाही. साहेब खूश आहेत. आत्या सकाळी दुर्बीण लावते आणि संध्याकाळपर्यंत तिथंच असते.