रिकाम्या सीटची घंटी

बायको गेल्यानंतर चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली आणि बाजाराच्या वळणावर घंटी वाजायला लागली. गाडीत ते एकटेच होते. स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा लागला होता. बसलेल्या माणसाचं इवलंसं चित्र आणि त्याच्या छातीवरून तिरकी रेघ. शेजारी कुणीतरी बसलंय आणि त्यानं बेल्ट लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. चष्मेवाल्यांची शेजारी बघायची छाती झाली नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि देवाचं नाव घेत दुकानापर्यंत चक्क चालत आले.

माणूस तसा घाबरट नव्हे. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, आणि जीभ अशी की समोरचा गप्पच व्हावा. "फ्रेम तिरकी बसतेय हो," असं गिऱ्हाईक म्हणालं, तर हे शांतपणे सांगणार, "फ्रेम सरळ आहे. कान वरखाली आहेत तुमचे." शेवटचा शब्द आपलाच, ही खोड जुनीच. बायकोशी बोलतानाही तीच.

त्या खोडीनंच घात केला.

त्या दिवशी सकाळी तिच्या छातीत जड वाटत होतं. ती म्हणाली, दाखवून येऊ या. बाजारात निघाल्यासारखी तिनं पिशवी घेतली. पिशवीत पाण्यानं भरलेली बाटली, चष्मा आणि रोजची प्रार्थनेची पोथी. गाडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली आणि घंटी सुरू झाली.

"बेल्ट लाव," चष्मेवाले म्हणाले.

"लावलाय हो."

आता तिचा एक जुना खेळ होता. बेल्टचा तिला मनापासून कंटाळा. गळ्याला काचतो म्हणायची. मग पोलीस दिसला की नुसता पट्टा छातीवरून ओढून हातानं धरून ठेवायची, खटका लावायचीच नाही, आणि पोलीस मागे पडला की सोडून द्यायची. चष्मेवाल्यांना वाटलं, आजही तेच.

"लावलायस, मग हे काय बोंबलतंय?"

ती काहीच बोलली नाही. रुसली असेल, असं त्यांनी धरलं. रुसली तर रुसली, आपणही बोलायचं नाही. हॉस्पिटलच्या वळणापर्यंत, तिथून फाटकापर्यंत ती घंटी टिंग टिंग करत राहिली आणि हे समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. फाटकाशी हॉस्पिटलची माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली, तिच्या बाजूचं दार उघडून त्यांनी तिला उचललं. हे वळसा घालून पोचेपर्यंत सीट रिकामी झाली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, वाटेतच गेल्या त्या.

म्हणजे केव्हा? चष्मेवाले कोणाला विचारणार! आपण किती वेळ एका गेलेल्या माणसावर रुसून बसलो होतो, हे कोणी सांगावं? पण त्याहूनही एक बारीक कुसळ होतं आणि तेच डोळ्यात जास्त सलत होतं. ती "लावलाय हो" म्हणाली, ते खरं होतं का? खरं असेल, तर आयुष्यभराच्या सोबतीनंतर आपण तिला शेवटचं काय म्हणालो, तर खोटारडी. उचलताना त्या माणसांनी बेल्ट सोडवला का, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा ते त्यासाठी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलेसुद्धा. पण रोज इतक्यांना उचलणाऱ्यांना एका बाईचा बेल्ट कशाला आठवेल? तसेच परत आले.

आणि आता ही घंटी.

लेक आईच्या दिवसांपासून माहेरीच थांबली होती. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका ती गाडी. मी तर पाय ठेवायची नाही तिच्यात."

"गाडीनं काय केलंय?"

"मग तुम्ही बाजारातून चालत का आलात?"

घंटीचं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. काय सांगणार, तुझी आई बेल्ट न लावता बसलीय म्हणून? देवापुढे बसले की मात्र ते हात जोडून एवढंच म्हणत, तिला काही सांगायचं असेल तर ते मला कळेल असं सांगू दे.

त्यांची गाडी म्हणजे राखाडी, लहानशी, पाठीला बाक असलेली. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलेलं. गावात ज्यांच्याकडे ती उरली होती त्यांनी तिचं नाव कासव ठेवलं होतं, आणि स्वतःचं कासव मंडळ. दर रविवारी सकाळी बाजारामागच्या मैदानात ही सगळी कासवं बॉनेट उघडून रांगेत उभी राहायची आणि मालक एकमेकांच्या गाड्यांना औषधं सांगायचे. एरवी फोनवर ग्रुप होताच. गरम झाली, थंडीत सुरू होत नाही, चढावर धापा टाकते, काहीही असो, विचारायचा अवकाश.

चष्मेवाल्यांनी पुष्कळ वेळा लिहून, पुसून, शेवटी लिहिलं: "शेजारची सीट रिकामी असताना बेल्टची घंटी वाजते. काय करावं?"

पहिलं उत्तर पोस्टमास्तरांचं. ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मते गाडीच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच. "बॅटरीची टोकं साफ करा."

भूमितीच्या बाई शाळेतल्यासारख्याच एकामागून एक प्रश्न विचारायच्या. "गाडी उभी असताना वाजते की चालताना? रिकाम्या सीटवर बेल्ट लावून ठेवून पाहिलात? सीट ओली झाली होती का? सीटवर काही ठेवलंय का?"

चष्मेवाल्यांनी लिहिलं, "चालताना. बेल्टला हात लावलेला नाही. ओली नाही. सीटवर काही नाही."

बेकरीवाली सगळ्यात लहान, पण हात सगळ्यात धीट. तिनं बोलूनच निरोप पाठवला, मागे भट्टीची घरघर. "काका, असं घरात बसून नाही कळायचं. पेशंट घेऊन या रविवारी."

रविवारी चष्मेवाले वळणावर सोडलेली गाडी घेऊन गेले. सगळा रस्ता घंटी वाजत होती. खिडक्या बंद होत्या, तरी रस्त्यावरच्यांना ऐकू जात असेल असं त्यांना वाटत राहिलं. मैदानात पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. पोस्टमास्तर हातात चहाचा पेला घेऊनच पुढे आले.

"या, चष्मेवाले! टोकं घासलीत का?"

"घासली."

"मग बॅटरीच बदला."

"तुम्ही जरा बाजूला व्हा," बेकरीवाली म्हणाली, आणि तिनं शेजारच्या सीटचं दार उघडलं. आत वाकली, तशीच थांबली. मग मान बाहेर काढून म्हणाली, "काका, सीटवर काही नाही म्हणालात ना?"

"नाही."

"मग हे काय?"

सीटवर पिशवी होती. मांडीवरून घसरून जशी पडली होती तशीच. पाण्याची बाटली अजून भरलेली.

"ती होय," चष्मेवाले म्हणाले. "ती तिची पिशवी आहे."

पोस्टमास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. इतके दिवस चष्मेवाल्यांना ती पिशवी दिसत नव्हती असं नाही. पण तिला 'काही ठेवलंय' म्हणतात, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ती जागाच तिच्या पिशवीची होती. तिथून ती उचलायची तर कुणी आणि कुठे ठेवायची?

"सीटखाली वजनाचं यंत्र असतं, काका," बेकरीवाली हळू आवाजात म्हणाली. "भरली पिशवी ठेवली तरी त्याला माणूसच वाटतो. आता बेल्ट लावला की गप्प होईल बघा." तिनं पट्टा ओढला, पिशवीवरून घेतला आणि खटका लावला. कट्ट आवाज आला. "चालवा बरं पुढे जराशी."

चष्मेवाल्यांनी गाडी हलवली. टिंग टिंग. तीच घंटी, तोच लाल माणूस. त्यांनी कचकन ब्रेक दाबला. पिशवीचा उलगडा झाला होता, तो पुरा मनात बसायच्या आत पुन्हा हे.

"बेल्ट लावलेला आहे," ते म्हणाले.

"हां, मग खटक्याचं दुखणं आहे!" पोस्टमास्तर पहिल्यांदाच बॅटरी सोडून बोलले. "कासवाचा आजारच आहे हो तो. आत कचरा जातो, मग बेल्ट लावला तरी गाडीला कळत नाही. आमच्या हिला मी किती बोललो असेन! ती म्हणायची लावलाय, मी म्हणायचो लावला असता तर वाजलं असतं का. शेवटी हिनंच माझा हात धरून खटक्यावर ठेवला. म्हणाली, बघा आता."

पोस्टमास्तर हसले. त्यांना काय माहीत आपण काय बोलून बसलो! चष्मेवाले स्टिअरिंग धरून बसले होते. मग उतरून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले, पिशवी दोन्ही हातांनी उचलून बेकरीवालीकडे दिली आणि स्वतः त्या सीटवर बसले. बायको गेल्यावर त्या जागी कोणी बसलं नव्हतं. त्यांनी बेल्ट ओढला, खटका लावला, पुन्हा ओढून पक्का बसल्याची खात्री केली.

"मास्तर, तुम्ही चालवा."

"कुठे?"

"कुठेही. मैदानात."

पोस्टमास्तरांनी गाडी काढली. कोपऱ्यापाशी घंटी सुरू झाली. पोस्टमास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अहो, बेल्ट लावा की."

"लावलाय हो," चष्मेवाले म्हणाले.

आणि मग त्यांनी चष्मा काढला. इथून घंटी किती मोठ्यानं वाजते, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. या बाजूला बसलेल्यानं खरं बोलून पाहावं आणि गाडीनं तोंडावर नाही म्हणावं. पोस्टमास्तरांनी गाडी थांबवली.

खटका चष्मेवाल्यांनी स्वतःच साफ केला. फ्रेमचे स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस खिशात होताच. बेकरीवालीनं कचरा उडवायचा फवारा दिला, भूमितीच्या बाईंनी टॉर्च धरला. आतून धाग्यांचा बारीक गोळा निघाला, निळसर. बायकोच्या शालीचा रंग तसाच होता. तो त्यांनी फेकला नाही, चष्म्याच्या डबीत ठेवला. मग बाई त्या सीटवर बसल्या, खटका लावला, पोस्टमास्तरांनी गाडी फिरवली. घंटी गप्प. खटका सोडला, वाजली. लावला, गप्प.

"झाली बरी," भूमितीच्या बाई म्हणाल्या.

पिशवी बेकरीवालीनं मागच्या सीटवर ठेवून दिली होती. चष्मेवाले एकटे परत निघाले. गाडीत इतकी शांतता होती की त्यांना गिअर बदलल्याचाही आवाज नकोसा झाला. सरळ घरी जायचं होतं, पण गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली. वळण आलं. ते ऐकत राहिले. काही वाजलं नाही. इतके दिवस ज्या आवाजाला ते घाबरत होते, तो आता हवासा झाला होता, कारण क्षमा मागायची तर कोणाजवळ? रिकाम्या सीटजवळ?

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागची पिशवी पुढे आणून तिच्या जागेवर ठेवली. पुन्हा निघाले, आणि घंटी वाजली. लाल माणूस उजळला.

चष्मेवाले थांबले. "लावतो, थांब," ते म्हणाले. वाकून पट्टा ओढला, तिला काचू नये इतका सैल धरून पिशवीवरून घेतला, खटका लावला.

घंटी थांबली. दिवा विझला.

"लावलायस. दिसलं मला," ते म्हणाले, आणि गाडी घराकडे वळवली.