हेडमास्तरांचं बीपीचं मशीन

रात्रपाळी करून आलेल्या बाईने दिवसा झोपणं म्हणजे आळस, असं तिच्या घरात कधीचंच ठरून गेलं होतं. सासूबाई भरदुपारी भांडी आपटत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या घुबडाचं अजून उजाडायचंय." नवरा यावर मनापासून हसायचा. तो स्वतः झोपला की मात्र घरात सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं असा कायदा होता.

ती एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. दोन दिवस सकाळपाळी, मग दुपार, मग रात्र, आणि अंग त्या रात्रीला सरावतंय तोवर पुन्हा सकाळ. जेवण म्हणजे उभ्या उभ्या दोन बिस्किटं. लघवीला जायचं तर आधी चार पेशंटची बेल थांबायला हवी, आणि ती कधी थांबत नसे. अलीकडे डोकं सारखं ठणकायचं. परवा तर इंजेक्शन हातात धरूनच तिला डुलकी लागली. पेशंटने हाक मारली म्हणून निभावलं. आपल्या हातून कुणाचा जीव जाईल, नाहीतर आपलाच जाईल, या धास्तीने ती नर्सच्या ड्युट्या लावणाऱ्या मेट्रनबाईंकडे गेली.

"मॅडम, महिनाभर तरी रात्रपाळी नको. मला बरं वाटत नाही."

मेट्रनबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चांगली ठणठणीत तर आहेस! अगं, नर्सिंग म्हणजे सेवा असते."

रात्री घरी झोपणाऱ्यांचा हा शब्द फार लाडका. वर्षातून एकदा याच सेवेबद्दल प्रत्येकीला गुलाबाचं एक फूल मिळायचं, तेही काट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून येऊन तिचा नुकता डोळा लागला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, हातात मुलाने पाठवलेलं बीपीचं नवंकोरं मशीन. ती म्हणजे अख्ख्या इमारतीचा फुकटचा दवाखाना.

"झोपला नव्हता ना? दिवसभर घरीच असता, म्हणून आलो."

तिने पट्टा बांधला. दीडशे. हेडमास्तरांचा चेहरा पडला. "शक्यच नाही. बिघडलंय हे. तुम्ही स्वतःला लावून बघा, तुम्ही कशा धडधाकट!"

तिने लावलं. वरचा आकडा एकशे नव्वद, खालचा एकशे बारा.

"बघा! बिघडलंच आहे!" हेडमास्तर खूश होऊन उठले, आणि जाता जाता सासूबाईंनी दिलेला गोड शिराही चापून गेले.

तिने कपाटातलं आपलं जुनं, हाताने दाबायचं यंत्र काढलं. पुन्हा तेच आकडे. असा पेशंट समोर आला असता तर तिने त्याला जिन्याची एक पायरी चढू दिली नसती. तिने मेट्रनबाईंना फोन लावला.

"मॅडम, एक बाई आहे. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे बारा. डोकं ठणकतंय. काय करू?"

"विचारतेस काय? आधी ॲडमिट कर! अशा बाईला मोकळं सोडलंय कुणी?"

"तुम्हीच, मॅडम. आज रात्रीच्या ड्युटीला लावलंय तिला."

मग मेट्रनबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल. रात्री ये, इथल्या मशीनवर बघू."

संध्याकाळी ती गेली, पण युनिफॉर्म घरी खुंटीलाच ठेवून. स्टाफच्या दाराकडे न वळता ती तपासणीच्या रांगेत जाऊन बसली. इथल्या मशीनवर आकडा आणखी चढलेला निघाला. तिला खाटेवर झोपवलं, हाताला सुई लावली. बातमी कळताच मेट्रनबाई धावत आल्या. कपाळावर हात ठेवतील असं क्षणभर तिला वाटलंही.

"अगं, आता ऐनवेळी तुझ्या जागी मी आणू कुणाला?"

"तुम्हीच उभ्या राहा ना, मॅडम. सेवाच तर आहे," ती म्हणाली, आणि कूस बदलून तिने डोळे मिटले.