जीपची दिष्ट

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता मी साबणाचा एक तुकडा वापरला. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. चहा घ्या, सांगते.

आमचे हे शेलूबाजारातल्या एका शेठची जीप चालवतात. तिच्यात ड्रायव्हरच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी. पुढं बसलं की वास थेट नाकात. आमची बेबी तेव्हा जेमतेम बसायला लागलेली, वास आला की ओकायची. आणि मी कशी? तर बेबी शिंकली तरी रडायला बसणारी. त्या दिवशी तिला मंगरूळला डॉक्टरकडे न्यायचं होतं. हे चहा पीत होते तेवढ्यात मी सीट उचलून पाहिली. टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक. मग वास येणार नाही तर काय होईल?

टाकी झिरपायला लागली की हेच तिला कपड्याचा साबण चोळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग मी वेगळं काय केलं? तुकडा ओला केला, भोकात अंगठ्यानं दाबून बसवला आणि झाकणाच्या रंगाला मिळून यावा म्हणून वरून धूळ चोळली. सातवीपर्यंत शिकले आहे, माझं काम नीटच असतं.

बेबी ओकली नाही. जीपला मात्र धाप लागली.

हळू चालवली की अगदी गुणाची. यांनी पाय दाबला, गाडीनं वेग धरला, की खोकायची आणि दम टाकायची. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून म्हणाला, "धक्का मारू काय, भाऊ?" पेट्रोलचा काटा बंद होता, म्हणून यांनी गाडी थांबवून टाकीत काडी बुडवून पाहिली. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, गाडी सुरू केली, तर सुसाट पळाली. पुढच्या नाल्यापर्यंत.

मिस्त्रीनं प्लग घासले, कार्बोरेटर उघडलं, पंप खोलला. गाडी बाहेर काढायच्या आधी हे काडी बुडवायचे, गाडी पळायची आणि मिस्त्री मिशीवर हात फिरवायचा. घरी येईस्तोवर पुन्हा धाप. शेवटी शेठचा निरोप आला, की बाजाराच्या दिवसापर्यंत गाडी सुधरली नाही तर चावी दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाईल. माझं जेवण सुटलं. यांचं काम गेलं तर लेकरू घेऊन कोणत्या दारात उभं राहायचं?

निदान केलं ते सासूबाईंनी. "गाडीले दिष्ट लागली. नव्या रंगावर लोकायचे डोळे पडतेतच. तू बेबीची काढतं ना, तशीच इचीबी काढ."

मी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन बॉनेटवरून उतरवल्या. यांनी मान खाली घालून नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीतून लांबलचक उसासा आला. मी स्वतः ऐकला.

"गेली," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी जीप कारंज्याच्या रस्त्यावर एसटीच्या पुढं गेली. बस, माझ्या हाताला गुण आहे हे गावभर झालं. रोज सकाळी मी दिष्ट काढायची, हे काडी बुडवायचे. लोक काय काय घेऊन यायला लागले. आसेगावहून एकजण विहिरीवरचं इंजिन बैलगाडीत घालून आला. एकीची म्हैस लाथ मारायची. म्हशीनं दुसऱ्या दिवशी दूध दिलं, हे मी आजही नाकारत नाही.

बाजाराच्या दिवशी शेठ स्वतः गाडीत बसले आणि म्हणाले, बाईले सोबत घ्या. मी मागं, मांडीवर बेबी, हातात मिरच्यांची पुडी. चढ लागला, यांनी पाय दाबला आणि गाडी मेली. मी उतरले. मोठ्या विश्वासानं उतरवलं, एकदा, पुन्हा एकदा. पण टाकी नुकतीच भरलेली, म्हणून कोणी झाकणाला हात लावला नाही. जीप ढिम्म.

"टाकी तं पाह्य," शेठ वैतागून म्हणाले.

झाकण फिरता फिरेना. फिरलं तेव्हा असा उसासा निघाला की बेबी दचकून रडायला लागली. शेठनं झाकण हातात घेतलं, अंगठा थुंकीनं ओला करून धूळ पुसली. पुसली तर फेस आला.

शेठ फेसाकडे पाहून राहिले. हे माझ्याकडे.

"भोक होतं तिथं," मी म्हटलं. "बेबीले वास सोसत नव्हता."

"अवं, त्या भोकातून हवा गेल्याबिगर पेट्रोल खाली येते काय?" हे म्हणाले. "गाडीचं नाकच बुजोलं तू."

यांनी काडीनं भोक मोकळं केलं आणि गाडी सुरू केली. चढ एका दमात चढली. वर पोचल्यावर शेठ म्हणाले, "ड्रायव्हर तूच राह्य. बाईले मांगंच बसवत जाय."

तेव्हापासून मी मागंच बसते. वास येत नाही, बेबी ओकत नाही. ही गोष्ट मला आधी कशी सुचली नाही, ते विचारू नका.

फक्त एक काम करा. आसेगावकडे कोणी जाणार असाल तर तिथं सांगा, की दिष्ट काढायला आता येऊ नका, बाईच्या हाताला गुण नाही. म्हशीवालीला मात्र काही सांगू नका.