शंकर मशीनची लक्ष्मी झाली तेव्हाचे रहांगडाले सर

रहांगडाले सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. या गौरवग्रंथात मोठमोठे लोक लिहिणार, मी चौथी शिकलेली मदतनीस. लवकर लिहून मोकळी होते, बाहेर पेशंट खोळंबलेत.

सरांची ओळख बालाघाटच्या आमच्या रक्ततपासणी केंद्रात झाली, तीही माझ्या चुकीमुळे. आमच्या लिनक्सवाल्या मशीनचं, म्हणजे नोंदींच्या कॉम्प्युटरचं, नाव 'शंकर', वारलेल्या कंपाउंडरचं. दसऱ्याला मशीनची पूजा करताना वारलेल्या माणसाच्या नावाला कुंकू कसं लावायचं? मी लॅबच्या सुमनकडून ते बदलून 'लक्ष्मी' करवलं. त्या दिवसापासून दुसऱ्या मशीनवर रोज जाणारी बॅकअप कॉपी बंद पडली. कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा डिस्क करकरू लागली होती, आणि बिरसा तालुक्याकडच्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या लेकरांच्या दसऱ्यानंतरच्या साऱ्या नोंदी तिच्यातच होत्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, तार खराब आहे. मग कॉम्प्युटरचं काम जाणणाऱ्या रहांगडाले सरांना बोलावलं. सरांनी चहासुद्धा घेतला नाही. कॉपी घेणाऱ्या मशीनवरून आमच्या मशीनला आधी तिच्या आकड्यांच्या पत्त्यावर हाक मारली, उत्तर आलं. नावावर मारली, काही नाही.

"तार चांगली हाये. नावातच गडबड हाये. कोणं काय बदललं?"

मला नोकरी जाताना दिसत होती, पण ती करकर ऐकवेना. म्हटलं, "मीच बदलवलं."

"काहून लपवलं बाई? थे कॉपीवालं शंकरले हाका मारून राह्यलं, अन् इथं लक्ष्मी बसली."

"मंग करा ना लवकर."

"हौ. तुम्ही डोक्यावर उभ्या नका राहू, तं होते."

सरांनी नावं-पत्त्यांच्या यादीत लक्ष्मी लिहिली, बॅकअपमधलंही नाव बदललं. तरी नाही. कॉपी घेणारा प्रोग्राम जुनं नावच धरून बसला होता. सरांनी तो बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कॉपी सुरू झाली. ती संपेपर्यंत सर खुर्चीवरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी डिस्क गेलीच.

केंद्राच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, चूक कोणाची? सर म्हणाले, "माझी. मशीन मीच बसवली होती, नाव बदलाचं तं काय कराचं, हे लिहून नाही ठेवलं." मग त्यांनी वहीत ते लिहिलं, मला वाचता यावं अशा मोठ्या अक्षरांत.

असे सर स्वतःची तपासणी मात्र टाळतात. तीनदा सांगून झालं. सर, इतक्या लेकरांच्या नोंदी तुम्ही वाचवल्या, तुमचीच नोंद आमच्याकडे नाही. सोमवारी उपाशीपोटी या. नव्वदीपर्यंत दरवर्षी यायचं आहे, आणि प्रत्येक रिपोर्ट चांगलाच यायला पाहिजे.